उत्तरेची भिंत

आईनं भिंतीतला खडा नखानं उकरून काढला, जिभेवर ठेवला, जरा वेळ डोळे मिटून उभी राहिली आणि पचकन थुंकली.

"अगं आई! इथं असं रस्त्यात थुंकत नाहीत!"

"मग काय गिळू व्हय?" तिनं पदरानं तोंड पुसलं. "शिमीट हाय ह्यो. चुन्याच्या भिताडात शिमीट! कुना येड्यानं भरलाय ग?"

मी पिशवीतून टेप काढून भिंत मोजायला लागले. प्रश्न टाळणाऱ्यांतली मी नाही हे मला ओळखणारं कुणीही सांगेल, पण त्या सकाळी मी टाळला.

आम्ही उभ्या होतो ती गल्ली आमच्या मिरजेकडची नव्हे. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात लॉरेल्टन नावाचं अठरा हजार वस्तीचं गाव आहे, तिथली. साल १९९४, महिना ऑक्टोबर. गावाच्या मधोमध कोर्टाची दगडी इमारत, तिच्या घुमटावर चार तोंडांचं घड्याळ, आणि चारी तोंडं वेगवेगळी वेळ दाखवायची. भोवती चौक. चौकाच्या चारी अंगांना लाल विटांची दुमजली-तिमजली दुकानं, खिडक्यांवर कमानी, माथ्यावर नक्षीच्या पत्र्याची झालर आणि त्या झालरीत बांधणाऱ्याचं नाव नि साल. सगळ्यांत उंच होतं ते ऑपेरा हाउस. खाली दुकानं, वर सहाशे खुर्च्यांचं नाट्यगृह, साल १८८९. त्यात ऑपेरा कधी झालाच नाही म्हणतात. फिरत्या नाटक कंपन्या यायच्या, जादूगार यायचे, शाळांची गॅदरिंगं व्हायची. पण नाव ठेवताना गावानं हात आखडता घेतला नव्हता.

आता त्या ऑपेरा हाउसच्या मागच्या, उत्तरेच्या भिंतीतल्या विटा फुटत होत्या. फुटत म्हणजे विटेचा पुढचा पापुद्रा बोटभर जाडीनं सुटून खाली पडायचा. ऑगस्टमध्ये असाच एक तुकडा कुणाच्या तरी गाडीवर पडला आणि गावात बोंबाबोंब झाली. पाडा ती इमारत, तिथं गाड्या लावायला जागा करा, असा ठराव नगरसभेपुढं आला. सभा गुरुवारी होती. त्याआधी इमारत पाडण्यालायक आहे असा अहवाल नगर अभियंता खात्यानं द्यायचा होता. त्या खात्यात दोनच इंजिनियर. हॅलोरनसाहेब आणि त्यांच्या हाताखाली मी, कौसल्या धोत्रे. दोघांच्याही सह्या लागायच्या.

आई जूनपासून माझ्याकडं राहायला आली होती. टीव्ही तिला आवडत नसे, मॉलमध्ये तिचे पाय दुखत. मग मी तिला कामावर घेऊन जायची. भिंत बघायला गेले की ती पण भिंत बघायची. तिचा तो हक्कच होता. आमचे वडील गवंडी आणि आई चुन्याच्या घाणीवर. बैल घाणी ओढायचा, दगडी चाक गोल चरात फिरायचं आणि ती चाकाच्या पुढं फावड्यानं चुना-वाळू सारत फिरायची. चुना मुरला की नाही हे ती जिभेवर ठेवून सांगायची. ती "अजून न्हाई" म्हणाली की मुकादम गपगुमान थांबायचा.

"कौशे, हिकडं ये," आईनं हाक मारली. ती भिंतीच्या दुसऱ्या टोकाला गेली होती. "हितं बग. ह्यो येवढा चौकोन कसा काय धड ऱ्हायलाय?"

मी बघितलं. खरंच, जमिनीपासून माझ्या डोक्याइतक्या उंचीपर्यंत, दाराएवढा एक चौकोन होता. त्यातल्या विटा नव्यासारख्या. त्याच्या कडेपासून वीतभर सरकलं की पुन्हा पापुद्रे आणि फुटलेली तोंडं. मी या भिंतीपुढून शंभर वेळा गेले असेन, पण मला हा चौकोन कधी दिसला नव्हता.

मागच्या दारातून वॉल्टर बाहेर आला. तळमजल्यावरचं खिळे-हातोड्यांचं दुकान त्याचं. सत्तरी ओलांडलेली, आणि जन्म त्याच इमारतीतला, दुकानावरच्या खोलीत. त्याला मराठीचं आणि आईला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण दोघांचं मस्त जमायचं. आई त्याला वालचंदशेट म्हणायची. ती दुकानात शिरून थापी, ओळंबा, छिन्नी हातात घेऊन बघायची आणि तो नुसता मान डोलवत उभा राहायचा.

"वालचंदशेट," आईनं चौकोनावर थाप मारली, "हितं काय हुतं?"

मी भाषांतर केलं.

"कोळशाची खोपटी," वॉल्टर म्हणाला. "माझ्या वडिलांनी भिंतीला टेकवून बांधली होती. पंच्याऐंशी साली मी पाडली."

"म्हणजे त्र्याऐंशीत भिंतीच्या दरजा भरल्या तेव्हा खोपटी इथंच होती?" मी विचारलं. विटांच्या मधल्या फटींना आमच्यात दरजा म्हणतात.

"होती ना. कामगारांना आतलं भरता आलं नाही. तसंच राहिलं ते."

मी आईला सांगितलं. तिनं चौकोनातल्या दरजेतला मसाला उकरला, जिभेवर ठेवला. या वेळी थुंकली नाही.

"ह्यो चुना. शंभर वर्साचा असंल, पर चुना." मग तिनं मला समजावलं, जणू मी तिच्या घाणीवर आजच कामाला लागले होते. "पावसाचं पानी भिताडात जातंयच. चुन्याच्या दरजा असल्या की त्येच वाटंनं भाईर येतंय. दरजा शिमिटानं बुजवल्या की पानी जानार कुटं? इटंचं त्वांड फोडून भाईर येनार. त्यात हितली थंडी. बरफ फुगला की इट गेलीच म्हन. भिताड म्हातारं न्हाई झालं, कौशे. त्याचं नाक-त्वांड दाबलंय कुनीतरी."

आता सांगूनच टाकते. ते नाक-तोंड दाबणारी मी होते. १९८३ सालचं ते काम माझं होतं, नोकरीतलं पहिलं मोठं काम.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात हॅलोरनसाहेबांनी टाइप केलेला अहवाल माझ्यापुढं सरकवला. इंग्रजीत 'तू' आणि 'तुम्ही' एकच, पण त्यांच्या आवाजावरून मी नेहमी 'तू'च धरायचे.

"कोशी, खाली सही कर."

कौसल्या त्यांना कधी जमलं नाही. मी अहवाल वाचला. विटा मुळात हलक्या प्रतीच्या, इमारत वयोमानानं जीर्ण, दुरुस्ती अशक्य.

"विटा चांगल्या आहेत," मी म्हणाले. "दरजांमधलं सिमेंट वाईट आहे."

त्यांनी कपाटातून एक फाइल काढली आणि उघडून ठेवली. आतली चिठ्ठी मी अकरा वर्षांनी बघत होते. काम घेणारा म्हातारा गवंडी, आता तो वारला होता, त्यानं लिहिलं होतं, 'जुन्या मऊ विटा आहेत, मसाला चुन्याचाच वापरावा.' त्यावर लाल पेन्सिलीनं आडवी काट आणि खाली माझं अक्षर, 'नाही. सिमेंट.' त्याखाली मंजुरीची सही हॅलोरन यांची.

"ही फाइल कुणी उघडत नाही," ते म्हणाले. "उघडली तर पहिलं नाव तुझं दिसेल. मी तुला वाचवतोय."

"मला, की स्वतःला?"

"दोघांना. त्यात वाईट काय आहे? मला निवृत्तीला दोन वर्षं आहेत." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते काही दुष्ट गृहस्थ नव्हते. त्यांच्यामुळंच मला तिथं नोकरी मिळाली होती. "परदेशातून आलेल्या बाईला इंजिनियर म्हणून घ्यायचं म्हटल्यावर किती लोकांशी भांडलो मी, माहीत आहे? ते सगळे उद्या सभेत बसलेले असतील. त्यांना म्हणू दे का, बघा, आम्ही सांगत होतो?"

हे मात्र वर्मी लागलं. माझ्यामागून या खात्यात दुसरी कुणी बाई येईल, माझ्यासारख्या रंगाची कुणी येईल, तिच्यापुढं माझी चूक आडवी टाकतील. मी अहवाल पिशवीत घातला. "विचार करते," म्हणाले.

"विचार करण्यासारखं काही नाही त्यात. उद्या चारच्या आत सही कर."

संध्याकाळी आई चुलीपुढं, म्हणजे गॅसपुढं, भाकऱ्या थापत होती. मी तिच्याशेजारी उभी राहिले आणि म्हणाले, "आई, तो येडा मी आहे."

तिचे हात थांबले.

"दरजा मी भरायला लावल्या. तिथल्या गवंड्यानं चुनाच वापरा म्हणून लिहून दिलं होतं. मी लाल पेन्सिलीनं काट मारली."

माझे यजमान दिनकर टेबलाशी बसले होते. ते म्हणाले, "सही कर आणि मोकळी हो. ती इमारत काय आपल्या बापाची आहे?"

"बापाची न्हाई जावयबापू, पर बिगडवली हिनं," आई म्हणाली, आणि माझ्याकडं वळली. "तुला म्हाईत न्हवतं व्हय ग? घाणीवर तर वाढलीस."

"माहीत होतं. मला चुन्याचा राग होता. तुझ्या हाताला भेगा पडायच्या, मीठ झोंबायचं म्हणून तू आमटी-कोरड्यास अळणी खायचीस. आपल्याकडं सिमेंटची पोती आली तेव्हा मी शाळेत होते. तेव्हाच ठरवलं, पुन्हा चुन्याचं तोंड बघायचं नाही. इथं त्या म्हाताऱ्याची चिठ्ठी आली आणि डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, अमेरिकेत येऊनही हेच?"

मला वाटलं होतं ती मला जवळ घेईल. तिनं पिठाचा हात माझ्या तोंडापुढं नाचवला.

"माज्या हातास्नी मधी आनू नगंस! हात जळलं, खरं हाय. रडले बी म्यां. पर त्या हातानं मुरवलेल्या चुन्यातली येक भिंत पडली न्हाई आजपत्तुर, कळ्ळं? लोकांनी मला काय दिलं? येक लुगडं न्हाई दिलं. नाव न्हाई, गाव न्हाई. तेवढंच माजं हाय, भिती उभ्या हाईत म्हनून. आन् तू माजी दया येती म्हनून माजंच काम खोडलंस? लाल पेन्शिलीनं?"

मी रडले. हो, चांगली हुंदके देऊन रडले. चव्वेचाळीस वर्षांची घोडी. आईनं भाकरी तव्यावर टाकली, उलटली आणि फुगल्यावर माझ्या ताटात वाढली. मग म्हणाली, "जेव. सकाळी वालचंदशेटकडं जायाचं हाय. येक इट चौकोनातली काढू, येक भाईरची."

सकाळी वॉल्टरनंच छिन्नी चालवली. चौकोनातला चुना खरवडताच वीट अख्खी हातात आली. बाहेरची काही निघेना. सिमेंट तसूभर हललं नाही, विटेचेच तुकडे झाले. मी अकरा वर्षांपूर्वी कामगारांच्या मागं उभं राहून ते भरून घेतलं होतं, कुठं पोकळ राहू नये म्हणून. माझी मलाच लाज वाटली, आणि रागही आला, आणि त्या रागानंच मी संध्याकाळी पाच वाजता सभागृहात गेले. सही न केलेला अहवाल आणि पिशवीत दोन विटा.

सभागृह भरलं होतं. आई शेवटच्या रांगेत, नऊवारीवर माझं स्वेटर घालून, वॉल्टरच्या शेजारी. मेयर एक बाई होत्या, पेशानं दातांच्या डॉक्टर. हॅलोरनसाहेबांनी अहवाल वाचला. मेयरबाईंनी प्रत उलटून बघितली आणि विचारलं, "यावर एकच सही आहे?"

"दुसरी होईल," साहेब म्हणाले.

"होणार नाही," मी उभी राहिले.

दोन्ही विटा मी त्यांच्या टेबलावर ठेवल्या, एक अख्खी आणि एक तुकड्यांत. लाकडावर लाल भुकटी सांडली. "या दोन्ही एकाच भिंतीतल्या आहेत. दोघींच्यात हातभराचं अंतर होतं. एकच भट्टी, एकच ऊन, एकच थंडी. म्हातारपणानं फुटायच्या तर दोघी फुटल्या असत्या."

"मग फरक काय?" मेयरबाईंनी विचारलं.

"अख्खीच्या भोवती जुना चुना आहे. तिथं कोळशाची खोपटी होती म्हणून त्र्याऐंशीच्या दुरुस्तीत कुणाचा हात पोचला नाही. बाकीच्या भिंतीत सिमेंट भरलं."

मागून कुणीतरी म्हणालं, "भरलं कुणी?"

हॅलोरनसाहेब माझ्याकडं बघत होते, मान अगदी बारीक हलवत होते, नको, नको.

"मी," मी म्हणाले. "गवंड्यानं चुना वापरा म्हणून लिहून दिलं होतं. मी ते खोडलं. कागद फाइलमध्ये आहे, ज्याला बघायचं त्यानं उद्या येऊन बघावं. इमारतीत काही खोट नाही. खोट माझ्यात होती. आणि माझी खोट झाकायला तुम्ही तिला पाडणार असाल, तर माझी सही मिळणार नाही. आज नाही, कधीच नाही."

गलका झाला. "आम्ही सांगत होतो," हे नेमके शब्द मी ऐकले, डाव्या बाजूनं. मी तिकडं वळले. "होय, तुम्ही सांगत होतात. चूक माझी आहे, माझ्या नावावर लिहा. दुसऱ्या कुणाच्या नाही. माझ्या देशाच्या नाही, बायकांच्या नाही. कौसल्या धोत्रे. स्पेलिंग हवं असेल तर देते."

मेयरबाईंनी तुटलेल्या विटेचा तुकडा उचलला, त्याला चिकटलेलं सिमेंट अंगठ्यानं दाबून बघितलं. "म्हणजे भरलेलं इतकं कडक की दातच फुटला," त्या म्हणाल्या. "आणि आम्ही भरलेलं काढायच्या ऐवजी जबडा काढायला निघालो." सभागृहात हसू पसरलं. मग त्या गंभीर झाल्या. "पण आता तुमच्यावर विश्वास कसा ठेवायचा, मिसेस धोत्रे?"

"माझ्यावर ठेवूच नका. गल्लीत जा आणि तो चौकोन बघा. खोपटी गेल्यापासून नऊ हिवाळे उघड्यावर काढलेत त्यानं."

मतदान झालं. पाडायच्या बाजूनं तीन, विरुद्ध चार. मागच्या रांगेत वॉल्टरनं टोपी काढून आईपुढं मान झुकवली आणि आईनं त्याच्या टकलावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली. दोघांतला मोठा कोण हे तिनं विचारलं नव्हतं.

पुढचं थोडक्यात सांगते. ऑपेरा हाउस उभं आहे. ते सिमेंट खरवडून काढायला दोन उन्हाळे लागले, आणि ते काढणाऱ्या टोळीत मीही होते, रोजंदारीवर, छिन्नी घेऊन. पण मला सांगायचंय ते त्या गुरुवारनंतरच्या सोमवारचं.

सभा सुटल्यावर हॅलोरनसाहेबांनी मला जिन्यात गाठलं होतं. "सोमवारी राजीनामा आण," ते म्हणाले होते. "मी शिफारसपत्र चांगलं देईन. कारण लिहायची गरज नाही."

सोमवारी मी रिकाम्या हातानं गेले.

"राजीनामा देणार नाही, साहेब. काढून टाका."

"कोशी, हट्ट करू नकोस. काढल्याचं पत्र फाइलमध्ये जातं. जन्मभर राहतं तिथं."

"तेच हवंय मला."

त्यांनी सुस्कारा टाकला, बाजूच्या टाइपरायटरवर पत्र टाइप केलं. 'शिस्तभंगाबद्दल सेवेतून कमी करण्यात येत आहे.' खाली, पत्र मिळालं म्हणून माझ्या सहीची रेघ.

"हे खोटं आहे. मी शिस्त कधी मोडली? परत लिहा."

दुसऱ्यांदा त्यांनी लिहिलं, 'तांत्रिक मतभेदांमुळे.' मी ते वाचून परत सरकवलं. ते भडकले. "तू सही नाही केलीस तरी तू गेलेलीच आहेस!"

"मग मी इथंच उभी राहते. काढलेल्या बाईला कसली घाई?"

मी खरंच उभी राहिले. बाहेरची टायपिस्ट दारातून डोकावून गेली. घड्याळात पाऊण तास झाला असेल. शेवटी त्यांनी विचारलं, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला, "काय हवंय तुला? मेलेल्या फाइलमध्ये काय लिहिलंय याची एवढी पडलीय कशाला?"

"कारण आणखी वीस वर्षांनी कुणीतरी नवी पोरगी येईल, हुशार, कुणाचं न ऐकणारी. त्या भिंतीला पुन्हा काही झालं तर ती ही फाइल काढेल. तिला त्यात खरं सापडलं पाहिजे. आमच्या घरी जे माहीत होतं ते मी लाजेनं खोडलं. तिच्यासाठी तरी ते लिहिलेलं असू दे."

त्यांनी मघाचा कागद चुरगळून टोपलीत टाकला. मग टाइपरायटरवर कागद चढवला. या वेळी मी त्यांच्या खुर्चीमागं जाऊन उभी राहिले आणि एकेक ओळ वाचत गेले. 'सन १९८३ मध्ये ऑपेरा हाउसच्या उत्तरेच्या भिंतीत चुन्याऐवजी सिमेंट भरण्याचा आदेश दिल्यामुळे भिंतीचे नुकसान झाले. या चुकीबद्दल सेवेतून कमी करण्यात येत आहे. आदेश : के. धोत्रे.'

"पुढं?" मी म्हणाले.

"पुढं काय?"

"मंजुरी कुणाची?"

त्यांची बोटं कळांवर थांबली. खिडकीतून चौकातल्या गाड्यांचा आवाज येत होता. मग त्यांनी एकेक अक्षर दाबत, सावकाश, स्वतःचं पूर्ण नाव टाइप केलं, कागद ओढून काढला आणि माझ्यापुढं धरला.

मी तो शेवटपर्यंत पुन्हा वाचला आणि सही केली.